आवडता आवाज नेमका का लक्षात राहतो, हे कानाने कसं शोधायचं

भीमसेन जोशींचा आवाज कसा होता, असं विचारलं की उत्तर येतं ‘बुलंद’. लताबाईंचा ‘गोड’, कुमार गंधर्वांचा ‘काहीतरी वेगळाच’. या विशेषणांनी काहीच कळत नाही. गोड गळा दर गल्लीत एखादा सापडतो, बुलंद आवाज भाजीमंडईतही ऐकू येतो. तरी रस्त्याने जाताना कुठल्याशा दुकानातून दोन सेकंद सूर कानावर पडला आणि आपण चटकन नाव घेतलं, असं मोजक्याच आवाजांच्या बाबतीत होतं.

ही ओळख पटते ती गायकाच्या सवयींमुळे. स्वराला तो कुठून हात घालतो, सोडताना कसा सोडतो, श्वास कुठे घेतो, कुठल्या अक्षरावर रेंगाळतो आणि कुठलं अक्षर उडवून लावतो. गाणं, राग, संगीतकार बदलला तरी या सवयी फारशा बदलत नाहीत. त्या कशा पकडायच्या याची रीत पुढे दिली आहे. एका गायकासाठी साधारण दोन संध्याकाळी काढा, दर वेळी चाळीस मिनिटं. त्याहून जास्त बसलात तर कान थकतात आणि सगळंच सारखं वाटायला लागतं.

बसण्यापूर्वी

कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. फोनमधलं इक्वलायझर, बास वाढवणारी सोय, ‘सभोवती आवाज’ वगैरे जे काही असेल ते बंद करा. हे सगळं गायकाच्या आवाजावर रंग चढवतं. आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा. गाण्याचे शब्द स्वतःच्या हाताने, दोन ओळींत दोन बोटं जागा सोडून लिहून काढा. पेन्सिल हवी, कारण खुणा खोडाव्या लागतात. शिवाय तानपुऱ्याचं एखादं अ‍ॅप.

एका गायकाची चार ध्वनिमुद्रणं निवडा. एक स्टुडिओतलं, कमी वाद्यांचं. एक मैफलीतलं. तिसरं यातल्या एखाद्यापासून निदान वीस वर्षं लांबचं. चौथं, आणि हे टाळू नका, त्याच गायकाचं तुम्हाला न आवडणारं गाणं. आवडत्या गाण्यात आपण चालीवर भुललेलो असतो आणि श्रेय गळ्याला देतो. न आवडणाऱ्या गाण्यातही जे कानाला धरून ठेवतं, ते नक्की आवाजाचं असतं.

भीमसेनजींसाठी निवड सोपी आहे. 1953 च्या ‘गुळाचा गणपती’मधलं ‘इंद्रायणी काठी’ घ्या. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्याच्याजवळ सत्तरीच्या आसपासच्या मैफलीतला एखादा अभंग ठेवा. मधल्या काळात आवाज जाडावला, खर्ज (खालचे सूर) भरला, वरचे स्वर लावायला जोर जास्त लागू लागला. ही सगळी वयाची कामं. दोन्हींकडे जे जसंच्या तसं राहिलं असेल तेवढंच टिपायचं.

आधी मुद्रण खरं आहे का ते बघा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग चुकीच्या आवाजाबद्दल मतं बनवतात. जुन्या तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण सगळ्या नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झाल्या असं नाही. 80 फेऱ्यांची तबकडी 78 वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने (पट्टी म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन कळांमधलं अंतर) उतरतो आणि गळा आहे त्यापेक्षा जाड वाटतो. वेगात सहा टक्के फरक पडला की पूर्ण एक पट्टी बदलते: पेटीच्या पहिल्या काळ्या कळीवरचं, म्हणजे काळी एकचं गाणं शेजारच्या पांढरी दोनवर जाऊन बसतं. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांत हे सर्रास आढळतं, आणि यूट्यूबवर तर मालकी हक्काची पकड चुकवायला मुद्दाम सूर चढवून टाकलेली गाणी असतात.

तपासायला तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि गायकाचा षड्ज, म्हणजे ‘सा’, जुळवा. पुरुष गायकांचा षड्ज बहुधा काळी एक ते काळी दोन यांच्या आसपास सापडतो, बायकांचा काळी चार ते काळी पाच. आकड्यांत सांगायचं तर काळी एक म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ आणि काळी पाच म्हणजे 233. षड्ज दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडत असेल आणि साथीला पेटी असेल, तर वेगाचा संशय घ्या. फक्त तानपुऱ्यावरच्या गाण्यात हा संशय घेऊ नका, तिथे गायक हवा तो षड्ज लावून घेतो. नाट्यपदांच्या बाबतीत आणखी एक सांभाळा: ध्वनिक्षेपक नसताना नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असे, म्हणून ते लोक वरच्या पट्टीत गात. त्यांचा षड्ज उंच निघाला म्हणून लगेच तबकडीला दोष देऊ नये.

अगदी जुन्या, 1925 च्या आधीच्या तबकड्या भोंग्यात गाऊन केलेल्या आहेत. त्यांत खर्जही कमी उतरतो आणि स, श यांसारखी सळसळती अक्षरंही. अशा मुद्रणावरून ‘आवाज बारीक होता’ असा निकाल देण्यात अर्थ नाही. फिरत (गळ्याची चपळ हालचाल), लय आणि शब्दांची बैठक मात्र त्यातूनही कळते.

शेजारच्या खोलीची चाचणी

गाणं फोनच्या साध्या स्पीकरवर लावा, फोन शेजारच्या खोलीत ठेवा, दार अर्धवट लोटा. आता काय उरलं ते लिहा.

फोनचा इवलासा स्पीकर खालचे सूर जवळजवळ देतच नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून तर 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर गाळलेलाच, तरीही वडिलांचा फोन आपण पहिल्या ‘हॅलो’ला ओळखत होतो. ओळख खर्जात नाही, तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीने स्वराला दिलेल्या आकारात असते. आपला कान 2000 ते 4000 हर्ट्झच्या टापूत सर्वांत तिखट असतो, आणि तयार गळ्याचे गायक नेमकी तिथे धार आणतात. पूर्वीच्या रेडिओवर खरखरीतूनही काही आवाज वर तरंगत यायचे, त्यामागे हे कारण होतं.

दारापलीकडून शब्द कळतात का? धार ऐकू येते का? की नुसता घुमारा? अरुण दाते यांचा ‘शुक्रतारा’मधला आवाज या चाचणीत मागे पडेल, आणि तसाच पडायला हवा. तो माइकजवळ ओठ नेऊन, कानाशी बोलल्यासारखा लावलेला आवाज आहे. त्याची किंमत जवळून ऐकण्यात आहे. केसरबाई केरकर मात्र दारच काय, भिंत ओलांडून येतात. 1977 च्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेल्या तबकडीत त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. या चाचणीसाठी ती उत्तम. मोकळा, गोल ‘आ’कार, कुठेही दबलेला नाही.

श्वासाच्या खुणा

आता पेन्सिल. लिहिलेल्या शब्दांत गायक जिथे श्वास घेतो तिथे उभी रेघ मारा. पहिल्यांदा ऐकताना निम्म्या सुटतात, तीनदा ऐका. मग घड्याळ लावून दोन रेघांमधलं अंतर सेकंदांत लिहा.

भीमसेनजींच्या अभंगात तान सुरू झाली की संपता संपत नाही, आणि श्रोताच नकळत श्वास रोखून बसतो. कुमारजींकडे उलट. चाळीसच्या दशकाच्या शेवटी त्यांना क्षय झाला, हवापालटासाठी ते देवासला गेले, कित्येक वर्षं गाणं बंद होतं आणि एक फुप्फुस कायमचं दुबळं झालं. त्यांचे तुकडे लहान आहेत: झटक्यात स्वर, मग शांतता, मग पुढचा. पण एवढ्यावर ‘आजारामुळे’ म्हणून वही मिटू नका. ‘अजुनी रुसून आहे’ लावा आणि रेघा कुठे पडतात ते बघा. श्वास संपला म्हणून तुटलेली ओळ वेगळी कळते: शेवटचं अक्षर पातळ होतं, सूर किंचित उतरतो. इथे तसं होत नाही. तुकडा भरात असतानाच सोडून दिलेला असतो आणि पुढची रिकामी जागा तानपुऱ्याला दिलेली असते.

रेघ शब्दाच्या मधोमध पडली का, हेही टिपा. सुधीर फडके तसं सहसा होऊ देत नाहीत. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गीतं, आठवड्याला एक. रेडिओवर ओळ एकदा निसटली की निसटली, त्यामुळे शब्द पहिल्या फेरीतच पोचणं भाग होतं. मूळ प्रसारणात वेगवेगळे गायक होते, सीतेची गीतं माणिक वर्मांकडे होती. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळी स्वतः गायली. एकच चाल दोन गळ्यांत ऐकायची असेल तर यासारखं साधन नाही, कारण चाल बांधणाराही तोच आहे. मूळ प्रसारणातलं जे मिळेल ते बाबूजींच्या मुद्रणाशेजारी ठेवा.

एक इशारा. हल्लीच्या स्टुडिओत श्वास कापून टाकतात आणि ओळी तुकड्यातुकड्यांनी जोडतात. वीस सेकंदांत एकही श्वास नाही असं दिसलं तर दमसासाचं कौतुक करण्याआधी त्याच गायकाचा रंगमंचावरचा कार्यक्रम ऐका.

स्वराचं डोकं आणि शेपूट

माणूस आवाज ओळखतो तो स्वराच्या सुरुवातीवरून बराचसा. त्यामुळे गाण्याचा वेग 0.75 करा (सूर बदलत नाही, फक्त लांबतो, 0.5 वर मात्र आवाज धातूसारखा वाजू लागतो, तिथे फसू नका) आणि एकच ओळ वीस वेळा ऐका. प्रत्येक मोठ्या स्वराच्या आधी खूण करा. स्वर थेट लागला असेल तर ठिपका. खालून सरकत आला तर वर जाणारी तिरपी रेघ. वरच्या स्वराचा कण घेऊन आला तर छोटा आकडा. स्वराआधी हवेचा हलका ‘ह’ ऐकू आला तर तोही लिहा.

शेपटासाठी पुन्हा तसंच. स्वर कापला, विरवला, की खाली घसरवला?

आशाबाईंच्या गाण्यात शेपटाकडे जास्त लक्ष द्या. ‘तरुण आहे रात्र अजूनी’मध्ये ओळीचा शेवट हवेत विरघळतो, आवाजापेक्षा श्वास जास्त उरतो. हे त्यांनी ठरवून केलेलं आहे, कारण दुसऱ्या बाजाच्या गाण्यात त्याच आशाबाई ओळीचं शेपूट कात्रीने कापावं तसं तोडतात. सुलोचना चव्हाणांच्या लावणीत ओळीच्या टोकाला ठसका येतो. तो सुरात कमी आणि व्यंजनात जास्त असतो.

मध्येच कुठे आवाज फुटतो का? बेगम अख्तर यांच्या गळ्यात वरच्या स्वरावर आवाज किंचित चिरायचा, त्याला जाणकार ‘पत्ती’ म्हणत आणि रसिक तिची वाट बघत. शिकवणीच्या वर्गात हा दोष ठरला असता. तलत महमूद यांच्या गळ्यातल्या कंपाचंही तसंच. म्हणून ‘दोष’ असा रकाना वहीत ठेवूच नका. ‘नेहमी होतं’ आणि ‘एकदाच झालं’ असे दोन ठेवा. नेहमी होतं ती ओळखखूण.

कंप मोजायचा असेल तर लांब धरलेला स्वर शोधा, वेग 0.5 करा (हे एवढं एकच काम त्या वेगावर करायचं), चार सेकंदांत किती हेलकावे येतात ते मोजा आणि दोनने भागा. पाश्चात्त्य पद्धतीच्या गायनात सेकंदाला पाच ते सात निघतील. आपल्याकडे ख्यालात स्थिर, ठेहराव असलेला स्वर मानाचा, त्यामुळे आकडा शून्य आला तरी बिचकू नका. आणि दरबारी रागातल्या गंधाराचं (‘ग’चं) आंदोलन, म्हणजे सावकाश झुलणं, कंप म्हणून मोजू नका. ते रागाचं आहे, गळ्याचं नाही.

‘विठ्ठल’ भिंगाखाली

अक्षरं तपासायला मराठीत या शब्दाइतका चांगला नमुना नाही, कारण तो जवळजवळ प्रत्येकाने गायला आहे.

‘वि’ आखूड आहे, त्यावर थांबायला जागाच नाही. मग ‘ठ्ठ’. इथे जीभ टाळूला लागते, हवा कोंडते आणि आवाज पूर्ण बंद होतो. मग कोंडलेली हवा ‘ठ’च्या महाप्राणासकट फुटते. शेवटी ‘ल’, जो हवा तेवढा लांबवता येतो. म्हणजे एका शब्दात झटका, शांतता, स्फोट आणि विसावा, चारही आहेत. गायकाने यातलं काय मोठं केलं?

भीमसेनजी कोंडमारा आणि स्फोट मोठा करतात; टाळ नसते तरी तिथे टाळ ऐकू आली असती. किशोरीताई आमोणकर हाच शब्द गातात तेव्हा ‘ठ्ठ’ची कड गोल होते आणि लक्ष पुढच्या अकारावर जातं, तिथे स्वर उलगडत जातो. दोघांच्या विठ्ठलात केवढं अंतर आहे, ते या एका जोडाक्षरात सापडतं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम संगणकावर घ्या. गाणं उघडा, तो एक शब्द निवडून मोठा करा. ‘ठ्ठ’च्या जागी लाट सपाट झालेली दिसेल, तिच्यावर माउस ओढला की लांबी खाली सेकंदांत दिसते. एकाच गायकाचे दहा ‘विठ्ठल’ मोजा. मग डावीकडच्या ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून वर्णपट दाखवणारा पर्याय निवडा आणि वरची मर्यादा 8000 हर्ट्झ ठेवा. 3000 च्या आसपास उजळ आडवा पट्टा दिसला तर ती आवाजातली धार. घाई नको: तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणकार) आणि पेटीही त्याच टापूत उजेड पाडतात. गायक गप्प असतानाही पट्टा तसाच असेल तर तो वाद्याचा. मागे टाळ-पखवाज असेल तर सपाट लाट सापडणारच नाही, म्हणून आलापासारखी मोकळी ओळ निवडा.

‘विठ्ठल’ झाला की ‘ळ’, मग ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले दोन वेगळे ‘च’, मग शब्दाच्या शेवटचा अकार. बोलताना आपण ‘माहेर’ म्हणून थांबतो. गाताना तो ‘र’ उघडा ठेवायचा की मिटायचा, हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो आणि सहसा आयुष्यभर बदलत नाही.

जुळ्यांची परीक्षा

वही भरली की ती खरी उतरते का ते बघायचं. लता मंगेशकर आणि सुमन कल्याणपूर ही यासाठी सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत उपयोगी जोडी. वर्षानुवर्षं लोक यांत फसत आले आहेत. घरातल्या कुणाला तरी दोघींची पाच-पाच गाणी घेऊन प्रत्येकातून तीन सेकंदांचे दोन तुकडे करायला सांगा: एक नुसत्या स्वराचा, एक शब्दाच्या सुरुवातीचा. प्रसिद्ध मुखडे घ्यायचे नाहीत, नाहीतर तुम्ही आवाजाऐवजी गाणं ओळखाल.

वीसपैकी दहा बरोबर आले तर तो नुसता नाणेफेकीचा हिशेब. पंधराच्या पुढे गेलात तर काहीतरी हाती लागलंय. बहुतेकांना शब्दाच्या तुकड्यात जास्त गुण मिळतात. नुसत्या स्वरात अडत असाल तर तार सप्तकातले, म्हणजे वरच्या सुरांतले, तुकडे मागा. वर जाताना लताबाईंचा स्वर सुईसारखा टोकदार होत जातो. सुमनताईंचा त्याच उंचीवर मऊ होतो, कडा जरा विरतात. एकदा हे कानात बसलं की ‘केतकीच्या बनी तिथे’ ऐकताना पुन्हा घोटाळा होणं कठीण.

नक्कल, पण बेताने

शेवटची पायरी तोंडाने करायची. एकच ओळ, सात-आठ सेकंदांची. गायकाच्या पट्टीत गाऊ नका. ऑडॅसिटीत सूर दोन-चार पट्ट्या खाली-वर करून गाणं स्वतःच्या पट्टीत आणा. पहिल्यांदा नुसती गुणगुणा, मग शब्दांसकट गा, फोनवर मुद्रित करा आणि मूळ ओळ व तुमची ओळ लागोपाठ ऐका. जे तुम्हाला जमलं ते चालीत होतं. जे दहा वेळा करूनही निसटतं, तिथे त्या गायकाची खूण आहे; ती जागा वहीत गोल करा.

खरखर, घोगरेपणा, फुटणारा आवाज यांची नक्कल मात्र करायची नाही. वसंतराव देशपांड्यांची आक्रमक फेक ऐकून लोक घसा आवळून ओरडतात. ते बळ त्यांनी पोटातून लावलेलं असतं आणि आपण ते स्वरयंत्रावर लावतो. घशात खवखव झाली, गिळताना लागलं किंवा बोलण्याचा आवाज बसका वाटला की तिथेच थांबा, पाणी प्या, त्या दिवशी पुन्हा गाऊ नका. कुजबुजत बोलूनही घशाला आराम मिळत नाही, उलट ताण पडतो, गप्पच बसा. दोन आठवड्यांत बसका आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

वहीचं पान महिनाभर मिटून ठेवा. मग त्या गायकाचं कधीच न ऐकलेलं एखादं मुद्रण शोधा आणि लावण्याआधी लिहून ठेवा: पहिला श्वास कुठे पडेल, पहिला मोठा स्वर थेट लागेल की खालून येईल, ओळीचं शेपूट कसं सुटेल. मग गाणं लावा.